मगदूमांच्या पेटीतले नव्वद दिवस

"ह्याला कुंकू कुणी लावलं?" मी विचारलं.

समोरच्या खुर्चीत बसलेले म्हातारे गृहस्थ आधी माझ्याकडं आणि मग टेबलावरच्या चार हार्ड डिस्ककडं बघत राहिले. धोतराच्या जुन्या फडक्यात बांधून त्यांनी त्या आणल्या होत्या. चारींवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. एकीच्या पिनांमध्ये हळद वाळून घट्ट बसली होती आणि बाजूच्या फटीत झेंडूची पाकळी अडकली होती.

"मीच लावलं," ते म्हणाले. "खंडेनवमी होती न्हवं."

"अहो काका, खंडेनवमीला हत्यारं पुजतात!"

"मग हे काय हाय? आख्ख्या कारखान्याची राखण करतंय हे. हातोडी पुजायची, ऐरण पुजायची, आणि ह्याला तसंच धुळीत ठेवायचं?"

मी पिनांतली हळद नखानं खरवडून बघितली. एरवी मला फटकन उत्तर सुचतं, त्याबद्दल माझी ख्याती आहे. कोल्हापुरात शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर माझी एक खोली आहे आणि बिघडलेल्या डिस्कमधून लोकांच्या हरवलेल्या फायली परत काढणं हे माझं काम. लोक माझ्याकडं कधी येतात? आधी भाच्यानं खोलून बघितलेलं असतं, मग मोबाईलच्या दुकानवाल्यानं ठोकून बघितलेलं असतं, सगळ्यांचे हात फिरून झाले की मग वैजयंता टिपुगडे आठवते. तेव्हा मी जरा तोंडानं फटकळ आहे, पण कारण नसताना नाही. ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची.

गृहस्थ हुपरीचे होते. तातोबा मगदूम, गाव त्यांना तात्या म्हणे. चांदीच्या पैंजणांचा कारखाना, वीसेक कारागीर. दोन वर्षांपूर्वी मुलानं, सुकुमारनं, कारखान्यात कॅमेरे बसवले होते. सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण एका पेटीत साठायचं, पेटीत ह्या चार डिस्क. नव्वद दिवसांचं राहायचं, त्याआधीचं आपोआप पुसलं जायचं.

खंडेनवमीच्या सकाळी तात्यांनी पेटी उघडली, चारी डिस्क बाहेर ओढल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या आणि पाटावर मांडल्या. पूजा झाल्यावर परत खुपसल्या. कुठली कुठल्या खणात होती ते कुणी बघितलंच नव्हतं. पेटी किंचाळायला लागली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला, कुणीतरी 'हो' दाबलं, आणि नव्वद दिवस गेले.

"नशीब तिथंच वायर उपटली," मी म्हटलं. "आता सांगा, ह्यातलं नेमकं काय पाहिजे? सगळं काढायला वेळ लागतो."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ठसा," ते म्हणाले.

त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं कोरलेला पोलादी ठसा. त्यानं पैंजणावर द्राक्षाची वेल उठायची, आणि तशी वेल हुपरीत दुसऱ्या कुणाकडं नव्हती. वेलीची मागणी आली तरच तो कपाटातून निघायचा. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडंच, एक तात्यांकडं आणि एक नेमगोंडा चौगुल्यांकडं. नेमू म्हणजे कारखान्यातला सगळ्यात जुना कारागीर. तीस वर्षं तात्यांच्या शेजारच्या बैठकीवर काम करत होता. नवमीला सगळी हत्यारं पाटावर आली आणि ठसा आला नाही. कपाट रिकामं.

"वीस माणसं हुती पूजेला. मी म्हटलं, नेमू, ठसा काढ. तो माझ्याकडं बघत बसला. मी पुन्यांदा म्हटलं, कुणाला दिलास बोल. चपला घातल्या आणि गेला बघ. एक शब्द बोलला नाही. सुकुमार म्हणाला, कॅमेऱ्यात बघू. आणि डिस्का तर पाटावर, हाराखाली."

"आता?"

"सुकुमार दिवाळीच्या पाडव्यानंतर पोलिसात फिर्याद देणार हाय. ठसा माझ्या नावाचा, सही माझी लागणार." त्यांनी टोपीची घडी घातली, परत उलगडली. "मला डोळ्यानं बघायचंय. घेतला असंल तर सही करतो."

"आणि नसेल घेतला तर?"

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, "पाडव्याच्या आत बघ पोरी," म्हणाले आणि जिना उतरून गेले. एस.टी.नं आले होते. एवढा कारखान्याचा मालक, सोबत कुणी नाही.

पाडव्याला अकरा दिवस होते.

पेटीचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे माझे हाल कळतील. समजा चार वह्या आहेत. गोष्टीची पहिली ओळ पहिल्या वहीत, दुसरी दुसरीत, तिसरी तिसरीत, आणि चौथीत त्या तिघींवरून काढलेली एक खूण. पुढच्या वेळी खूण वेगळ्या वहीत. असं लाखो ओळी. फायदा असा, की एक वही जळाली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातलं सगळं परत लिहिता येतं. पण वह्यांचा क्रम माहीत पाहिजे. चार वह्या चोवीस तऱ्हांनी लावता येतात आणि त्यातली एकच खरी. वर अनुक्रमणिका पुसलेली.

हळदवाली डिस्क मी स्पिरिट लावून दोन दिवस साफ करत बसले, पण ती काही उठली नाही. शेवटी तिला हात जोडले आणि तिघींवर काम सुरू केलं. आधी प्रत्येकीची जशीच्या तशी नक्कल घेतली, कारण मूळ डिस्कला हात लावायचा नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. दुसरा नियम असा, की माणसाचं सामान बघत बसायचं नाही. फाईल उघडते का एवढं बघायचं आणि बंद करायची. लोकांचे फोटो, पत्रं, काय काय असतं. मी दहा वर्षं हा नियम पाळला होता.

चुकीचा क्रम लावला की पडद्यावर चित्र यायचं ते अर्धं एका दिवसाचं आणि अर्धं दुसऱ्याचंच. वर कुणाचं तरी डोकं, खाली रिकामी बैठक. पाचव्या दिवशी दुपारी क्रम लागला. एकदम स्वच्छ चित्र आलं. वरच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या दोन बैठका, मध्ये एक डबा, आणि डब्याच्या दोन बाजूंना दोन म्हातारे. एक तात्या. दुसरा वाळका, उंच, बनियनवर. तो नेमू असणार.

जेवत होते. आवाज नव्हता, ह्या कॅमेऱ्यांना नसतोच. नेमूनं भाकरी मोडली, मोठा तुकडा तात्यांकडं सरकवला. तात्या काहीतरी बोलले. नेमू इतका हसला की त्याला ठसका लागला आणि तात्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

मी फाईल बंद करायला पाहिजे होती.

खरं सांगते, त्या वेळी माझं लग्न मोडून चार वर्षं झाली होती. आई त्याच उन्हाळ्यात गेली होती. माझ्या फोनवर दिवसात दोन माणसं बोलायची, एक कुरिअरवाला आणि एक चुकून लागलेला. दुपारचा डबा मी भिंतीकडं तोंड करून खायची, कारण टेबल भिंतीला लावलेलं होतं. एकटेपणाची इतकी सवय झाली होती की तो आहे हेसुद्धा विसरले होते. आणि त्या दोन म्हाताऱ्यांना जेवताना बघून मी हातातला घास परत डब्यात ठेवला. रडलेच मी, काय लपवायचं.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी डबा उघडला आणि त्यांची दुसरी दुपार लावली. तिसऱ्या दिवशीही तेच. आज त्यांच्याकडं काय असेल ह्याची मला उत्सुकता लागायची. नेमूला दोडका आवडत नव्हता, तो हळूच तात्यांच्या बाजूला सारायचा. तात्या तो परत ढकलायचे. "खा की मुकाट्यानं!" मी पडद्याला म्हणायची. दिवसभरात मी मोठ्यानं बोललेलं तेच एक वाक्य असायचं.

बघत बसले म्हणूनच ते दिसलं.

जेवण झालं की तात्या भिंतीला टेकून डुलकी काढायचे. उठले की हातातलं काम पुढं सुरू. एका दुपारी ते उठले, समोरचा चष्मा घेतला आणि पाण्याच्या माठामागं नेऊन ठेवला. परत येऊन बसले आणि चष्मा शोधायला लागले. शेजारी नेमू काम करत होता. तो वर न बघता उठला, पाणी प्यायला, चष्मा घेऊन आला आणि तात्यांच्या बैठकीखाली ठेवला. मग बोटानं दाखवलं, हा बघा इथं. तात्या कपाळाला हात लावून हसले.

मला गंमत वाटली. दोन दिवसांनी तेच. ह्या खेपेला किल्ली, कोळशाच्या पोत्यात. नेमूनं काढली, शर्टाला पुसली, तात्या पाठमोरे असताना त्यांच्या कोटाच्या खिशात टाकली. मग एकदा तयार पैंजणांची पुडी, देवाच्या तसबिरीमागं. एकदा चिमटा, स्वतःच्या चपलेत. मग मी जेवण सोडून शोधतच सुटले. नव्वद दिवसांत सत्तावीस वेळा. सत्तावीस वेळा तात्यांनी काहीतरी भलतीकडं ठेवलं, आणि सत्तावीस वेळा नेमूनं ते कुणाला न कळता जागेवर आणलं. सुकुमार आत आला की नेमू हात पाठीमागं घ्यायचा.

नवमीच्या दहा दिवस आधी नेमूची बैठक रिकामी दिसली. ओळीनं चार दिवस. त्यातल्या दुसऱ्या दुपारी तात्या एकटे जेवले, डुलकी काढली, उठले. कपाटातून ठसा काढला, उजेडात धरून बघितला, आणि फळीवरच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकून झाकण लावलं. मग कपाटाला नीट कुलूप घातलं आणि कामाला बसले. त्या दिवशी मागून काढून ठेवायला कुणी नव्हतं.

मी फोन केला. तात्या दुसऱ्या दिवशी दुपारी आले, परत एकटेच.

"घेतलाय त्यानं?" दारातूनच विचारलं.

"नाही. बसा."

मी आधी फक्त ती एक दुपार दाखवली. तात्या पडद्याच्या अगदी जवळ सरकले. स्वतःला डब्यात ठसा टाकताना बघितलं. परत दाखव म्हणाले. मी परत दाखवली.

"सवागीचा डबा हाय तो," ते बारीक आवाजात म्हणाले. चांदीला डाग लावताना, म्हणजे जोड सांधताना, लागते ती पांढरी पूड, सवागी. "रिकामा झालाय म्हणून फळीवर टाकलाय. मला आठवत न्हाई, पोरी. हे मी केलेलं मला काय म्हणजे काय आठवत न्हाई."

"नेमूअण्णा त्या दिवशी कुठं होते?"

"बायकोच्या डोळ्याचं आपरेशन हुतं, मिरजेला. मीच म्हटलं जा." मग एकदम म्हणाले, "चल, सुटला. ठसा काढतो, पोरांना दाखवतो, झालं."

मी तिथं थांबायला हरकत नव्हती. त्यांनी मागितलं होतं तेवढं मी दिलं होतं. पण नेमूच्या पाठीमागं घेतलेले हात माझ्या डोक्यातून जाईनात.

"तात्या, आणखी आहे," मी म्हटलं. "बघायचं का नाही ते तुम्ही ठरवा. बघून बरं वाटणार नाही."

त्यांनी मान हलवली. मी एकामागून एक लावत गेले. चष्मा. किल्ली. पुडी. चिमटा. आठदहा झाल्यावर तात्यांनी हात वर केला.

"मला वाटायचं, वस्तू सापडत्यात," ते म्हणाले. "हरवती आणि सापडती. म्हातारपण, दुसरं काय. आणि ह्यो माणूस..." धोतराच्या सोग्यात तोंड घालून ते रडले. मी पाणी दिलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले, दुसरं काय करणार?

मग वळून मी म्हटलं, "हे बाकीचं कुणाला दाखवू नका. ठसा डब्यात सापडला म्हणून सांगा. तेवढ्यानं काम होईल."

"न्हाई हुनार. वीस माणसांत चोर म्हटलंय मी त्याला. आता सापडला म्हटलं, तर म्हणतील भिऊन आणून टाकला. न्हाईतर म्हातारा पांघरूण घालतोय."

"मग त्या एकट्या दुपारचं दाखवा."

"तेवढं दाखवलं तर म्हणतील मालकाची एक दिवस चूक झाली." त्यांनी डोळे पुसले. "त्यानं तीन महिनं काय केलं ते कसं कळंल? सगळं दे. एक बी गाळू नको."

"सुकुमार किल्ल्या काढून घेईल तुमच्याकडून."

"घेईल की. मी त्याच्या जागी असतो तर मी बी घेतल्या असत्या."

मग म्हणाले, "तू चल संगं. मला ते यंत्र लावता येत न्हाई. आणि एकट्यानं बघवायचं बी न्हाई."

पाडव्याला तीन दिवस असताना मी हुपरीला गेले. वीसही कारागीर आपापल्या बैठकांवर बसले होते. सुकुमार दाराशी हाताची घडी घालून उभा. नेमूला बोलवायला तात्या स्वतः गेले होते. तो आला, पण आत बसला नाही, उंबऱ्याजवळच टेकला. त्याचे तीन महिने बघून झाले होते माझे, हसून ओळख द्यायला गेले आणि लक्षात आलं, त्यानं मला जन्मात बघितलेलं नाही.

तात्यांनी फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं, ठसा सगळ्यांसमोर पाटावर ठेवला आणि मला म्हणाले, "लाव."

मी लावलं. सुरुवातीला दोघं पोरं फिदीफिदी हसली. चष्म्याला हसली, किल्लीला जरा कमी. मग कुणीच हसलं नाही. सुकुमारनं घडी सोडली. सात-आठ झाली असतील, तेवढ्यात नेमू उठला आणि सरळ पडद्यासमोर येऊन उभा राहिला. पाठ पडद्याला, तोंड आमच्याकडं.

"बंद करा ते," तो म्हणाला. रागानं लाल झाला होता. "कुणी काढायला सांगितलं हे? ओ बाई, बंद करा म्हणतोय न्हवं!"

"नेमू, सरक," तात्या म्हणाले. "सगळ्यांना बघू दे."

"काय बघायचंय? मला चोर म्हटलासा, मी गेलो. संपलं हुतं की. त्या दिवशीच सगळ्यांत सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. मला काय तोंड न्हवतं?" तो तात्यांकडं वळला. "पण मग मालक, तुमच्या हातात कुणी चिमटासुद्धा दिला नसता. म्हणून गेलो मी. आणि तुम्ही स्वतःच चव्हाट्यावर आणलासा!"

वीस माणसं खाली मान घालून बसली होती. तात्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला. गाठ सुटेना, तेव्हा नेमूनंच पुढं होऊन सोडवली. तात्यांनी जुडगा सुकुमारच्या हातात दिला. सुकुमार वाकून नेमूच्या पाया पडला आणि बाहेर निघून गेला.

माझं काम संपलं. दिलेल्या कामाच्या नकला मी पंधरा दिवस ठेवते आणि मग पुसते. ह्या पुसायला मला दोन महिने लागले. दीड वाजला की हात तिकडं जायचा. शेवटी एके दिवशी हिय्या करून पुसल्या आणि टेबल भिंतीपासून हलवून खिडकीकडं तोंड करून लावलं. त्यानं फार फरक पडला असं नाही.

तीन वर्षांनी दुसऱ्या एका कामासाठी हुपरीला जाणं झालं. पाय आपोआप मगदूमांच्या घराकडं वळले. सकाळची वेळ. तात्या दारासमोरच्या कट्ट्यावर उन्हात बसले होते, खूप वाळले होते. शेजारी नेमूअण्णा त्यांची नखं काढत होते. कारखान्यात ते परत गेलेच नव्हते, सुकुमारनं किती वेळा बोलावलं तरी. रोज सकाळी इथं यायचे आणि दिवेलागणीला घरी जायचे.

"मालक, बघा कोण आलंय. पेटी दुरुस्त केलती न्हवं, त्या बाई."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत काहीच नव्हतं. मी खाली बसले, बरं आहे का विचारलं. नेमूअण्णा हळू आवाजात म्हणाले, "सुकुमारला बी वळखत न्हाईत आता. मला तर वर्ष झालं. कोण पाव्हणं म्हणून इचारत्यात."

मला वाईट वाटलं, इतकं की लगेच उठावंसं वाटलं. तेवढ्यात तात्या माझ्याकडं झुकले.

"गावातल्याच काय तुम्ही?"

"नाही. कोल्हापूरची."

"मग तुमास्नी म्हाईत नसंल. सांगून ठेवतो." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "आमच्याकडं एक नेमू हुता. लोक काय बी बोलतील. त्यानं काय घेतलं न्हाई. मी डोळ्यानं बघितलंय."

मी नुसती मान हलवली. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. ते दुसऱ्या बाजूला वळले, आपला हात धरून बसलेल्या माणसाच्या तोंडाकडं त्यांनी नीट बघितलं.

"पाव्हणं, तुमास्नी बी सांगतो. नेमू चोर न्हवं. कुठं भेटला तर सांगा त्याला."

नेमूअण्णांनी त्यांचं पुढचं बोट धरलं.

"व्हय मालक," ते म्हणाले. "सांगतो त्याला."